जुन्या ब्रिटिश पेन्या आणि टोकन: ढिगातलं दुर्मीळ नाणं ओळखायचं कसं

जुन्या ब्रिटिश पेन्यांचा ढीग समोर आला की नवखा माणूस आधी सन वाचतो आणि जितकं जुनं तितकं महाग असा हिशेब मांडतो. हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो. 1797 ची जाडजूड पेनी सव्वादोनशे वर्षांची आहे, पण घासलेल्या अवस्थेत ती इंग्लंडात सहज आणि स्वस्तात मिळते. 1951 ची पेनी त्या मानाने कालची, पण ती पाडलीच गेली फक्त 1,20,000. ती शोधावी लागते. त्याहून मौज म्हणजे एकाच सनाच्या, लांबून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन पेन्यांपैकी एक चिल्लरीच्या भावात जाते आणि दुसरी लिलावात चढते. दोघींचे साचे वेगळे असतात, एवढंच. म्हणून सन ही पहिली पायरी धरा आणि खरी नजर साच्यावर ठेवा.

विलायतेत राहणाऱ्या मराठी मंडळींना कार बूट सेलमध्ये (गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकायचा बाजार), धर्मादाय दुकानांत, शेजारच्या आजीबाईंच्या डब्यात अशी नाणी भेटतात. इथे मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारातही अधूनमधून एखादी दिसते. दोन्हीकडे रीत तीच.

सामान आधी जमवा

फार काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं चांगलं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा, मिलिमीटरची कॅलिपर, खाली अंथरायला मऊ कापड आणि एका बाजूने उजेड टाकणारा टेबललॅम्प. तीसपटीचं भिंग घेऊ नका, त्यातून नाणं दिसत नाही, नुसते ओरखडे दिसतात. उजेड डोक्यावरून आला तर उठाव सपाट भासतो. दिवा डावीकडे खाली ठेवा, नाणं दोन बोटांत कडेने धरा आणि हळूहळू फिरवा. खोडलेला आकडा, पुसट अक्षर, घासून काढलेल्या खुणेचा खड्डा, हे सगळं या तिरप्या उजेडातच सापडतं.

पैशांची जुनी मोजणी डोक्यात असू द्या: 12 पेन्सचा एक शिलिंग, 20 शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पौंडाला 240 पेन्या. आपल्याकडे 12 पैंचा आणा होता, तसंच काहीसं. 15 फेब्रुवारी 1971 ला तिकडे दशमान चलन आलं आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर जुनी पेनी चलनातून बाद झाली. बाद होण्याआधीची काही वर्षं लोक सुट्या पैशांतून नाणी वेचत होते. त्यामुळे ढीगच्या ढीग घरोघरी साठले, आणि त्यातले बरेच ढीग कुणीतरी आधीच चाळलेले असतात. 1912 च्या एचवाल्या (सनाशेजारी एच हे टांकसाळीचं अक्षर असलेल्या) पेन्या त्यांनी नक्की काढून घेतल्या असणार. साच्यातले बारीक फरक मात्र तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होते, म्हणून आजही चाळलेल्या ढिगात काही मिळण्याची आशा तिथेच.

पहिली चाळण वजनाची

डोळ्यांआधी काट्यावर विश्वास ठेवा. 1797 ची पेनी, जिला रुंद उंच काठामुळे ‘कार्टव्हील’ म्हणतात, बरोबर एक औंसाची, म्हणजे 28 ग्रॅमच्या थोडी वर आणि 36 मिलिमीटर व्यासाची. 1806-07 ची आणि त्यानंतर 1825 पासून 1860 पर्यंतची तांब्याची पेनी साधारण 18.8 ग्रॅम, 34 मिलिमीटर. 1860 पासून ब्राँझ आलं: 95 भाग तांबं, 4 भाग कथील, 1 भाग जस्त, वजन 9.4 ग्रॅमच्या आसपास, व्यास 31 मिलिमीटरला किंचित कमी. हेच माप शेवटपर्यंत टिकलं.

1860 हे सन तांबं आणि ब्राँझ दोन्हींत आहे. ब्राँझची 1860 सर्रास मिळते. तांब्याची 1860, जी 1859 च्या साच्यावर शेवटचा आकडा बदलून पाडली, ती फार दुर्मीळ. तेव्हा 1860 वाचलं की काट्यावर ठेवा. 9 ग्रॅम भरलं तर पुढची तपासणी ब्राँझची. 18 च्या वर भरलं तर श्वास रोखून भिंग घ्या आणि शून्याखाली 9 चे अवशेष दिसतात का पाहा.

कार्टव्हीलबद्दल एक गोष्ट मराठी वाचकाला सांगायलाच हवी. ही नाणी मॅथ्यू बोल्टनने बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर पाडली. पण त्याआधी, 1791 आणि 1794 मध्ये, याच टांकसाळीतून ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे निघाले होते: एका बाजूला कंपनीचं गाठोड्यावरचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू आणि पारड्यांमध्ये ‘अदल’ हा शब्द. म्हणजे इंग्लंडच्या राजाची पेनी सोहोत तयार होण्याआधी मुंबईचा पैसा तिथे तयार झाला होता. संग्रहात ही दोन नाणी शेजारी शेजारी ठेवावीत असं मला नेहमी वाटतं.

कार्टव्हीलमध्ये पानं मोजा. राजाच्या डोक्यावरच्या पर्णमालेत सहसा 10 पानं असतात. 11 पानांची कमी मिळते. वजन बरंच कमी भरलं तर ती त्या काळातलीच बनावट. तीही काही जण हौसेने जमवतात, पण किंमत त्या हिशेबाने द्या.

अंबाड्याच्या पेन्या: इथे वेळ घालवा

1860 ते 1894 मधल्या व्हिक्टोरिया राणीच्या ब्राँझ पेन्यांवर तिचे केस मागे बांधलेले आहेत, म्हणून त्यांना ‘बन हेड’ म्हणतात. चित्र लिओनर्ड चार्ल्स वायनचं. मागच्या बाजूला ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली त्रिशूळधारी स्त्री, डावीकडे दीपगृह, उजवीकडे जहाज. संग्राहकाला खरा खजिना या पस्तीस वर्षांत आहे, कारण सुरुवातीला टांकसाळीने साचे पुन्हा पुन्हा बदलले आणि जुने-नवे एकमेकांत मिसळले.

सुरुवात काठापासून करा. 1860 च्या पेनीच्या कडेला आतल्या बाजूने एकतर गोल मण्यांची माळ असते किंवा लांबट दातांची रांग. मणीवाली आधीची, दातवाली नंतरची. दोन्ही मिळतात, मणीवाली कमी. पण एका बाजूला मणी आणि दुसऱ्या बाजूला दात असलं नाणं हाती लागलं तर ते बाजूला ठेवा. असल्या मिश्र जोडीला ‘म्यूल’ म्हणतात आणि ती खरोखर दुर्मीळ. ढिगातली प्रत्येक 1860 दोन्ही बाजूंनी बघायला दहा सेकंद लागतात. बहुतेक लोक एकच बाजू बघून पुढे जातात.

मग सही शोधा. राणीच्या खांद्यावर किंवा खांद्याखाली वायनचं नाव काही साच्यांत आहे, काहींत नाही. ब्रिटानियाच्या बाजूला त्याची आद्याक्षरंही कधी असतात, कधी नसतात. घासलेल्या नाण्यावर सही गेलेली आणि मुळातच सही नसलेली, यांत गफलत फार होते. नाणं इतकं घासलेलं असेल की केसांच्या बटा दिसत नाहीत, तर सहीवरून काही ठरवू नका.

आता सनानुसार काय बघायचं ते सांगतो. 1862 मध्ये पाच कोटींहून जास्त पेन्या निघाल्या, त्यामुळे ती कोणत्याही डब्यात असते. पण काहींवर सनाचे आकडे लहान आहेत, अर्ध्या पेनीच्या साच्याचे ठोकळे वापरलेले. ही शोधायला सोपी आणि मिळायला अवघड. शेजारी नेहमीची 1862 ठेवली की फरक लगेच दिसतो. 1863 च्या काही थोड्या पेन्यांवर सनाच्या खाली एक बारीकसा सुटा आकडा असतो, साच्याचा क्रमांक. तो काठाच्या दातांजवळ असल्याने मळात लपतो. 1864 मध्ये 4 च्या आडव्या रेघेला टोकाशी छोटी उभी काडी आहे की नाही ते बघा. दोन्ही प्रकार आहेत आणि चांगल्या अवस्थेत हे सनच महाग. 1865 मध्ये 5 च्या खाली 3 डोकावतो का ते बघा.

1869 आणि 1871 ही सनं मुळातच कमी पाडली गेली: 1869 ला सुमारे 25.8 लाख, 1871 ला सुमारे 12.9 लाख. इथे प्रकार नाही शोधला तरी चालेल, नाणं स्वच्छ असलं तर ठेवा.

1874 पासून सनाखाली एच हे अक्षर दिसू लागतं. ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचं. लंडनच्या टांकसाळीला काम झेपेना तेव्हा हीटनला ठेका दिला जाई. 1875 ची एचवाली पेनी फक्त साडेसात लाखांच्या आसपास निघाली, तेव्हा 1875 दिसली की सनाखाली बोट फिरवा. 1882 मध्ये उलटा प्रकार आहे: त्या वर्षी लंडनची टांकसाळ दुरुस्तीला काढलेली होती, जवळपास सगळं काम हीटनने केलं. त्यामुळे एच असलेली 1882 साधी आणि एच नसलेली अतिदुर्मीळ. मोह इथेच होतो. सनाखालचा एच घासून काढणं कठीण नाही, आणि वापरून वापरून तो आपोआपही जातो. तिरप्या उजेडात सनाखालची जागा बघा: खोलगट, चकचकीत किंवा आजूबाजूपेक्षा वेगळ्या रंगाची असेल तर हातचलाखी. जागा स्वच्छ वाटली तरी आकड्यांचं अंतर, दातांची मांडणी आणि ब्रिटानियाचे बारकावे खऱ्या लंडनच्या नाण्याच्या फोटोशी जुळवल्याशिवाय एक पैसा देऊ नका.

1870 च्या दशकात सनाची रुंदीही मोजायची असते. 1 च्या डाव्या कडेपासून शेवटच्या आकड्याच्या उजव्या कडेपर्यंत. 1875 मध्ये रुंद आणि अरुंद दोन्ही मिळतात. 1877 ची अरुंद सनाची पेनी मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच ठाऊक आहे, तेव्हा सापडेल या भरवशावर बसू नका. पण मोजायची सवय ठेवा, फुकट आहे.

अक्षराचा रोख कुठे, ते वाचायचं तंत्र

हे एकदा हाताला बसलं की बाकी सगळं सोपं. साचा बनवताना अक्षरं आणि काठाचे दात यांची एकमेकांशी जुळणी प्रत्येक साच्यात थोडी वेगळी होई. म्हणून एखादं सरळ अक्षर निवडा, समजा नाण्यावर कोरलेल्या मजकुरातला आय किंवा सनातला 1. त्याचा उभा दांडा सरळ रेषेत काठापर्यंत वाढवून बघा: तो थेट दातावर येतो, की दोन दातांमधल्या फटीत? दाताच्या डाव्या कडेला की उजव्या? नाणं घासलं, तरी ही दिशा बदलत नाही. म्हणून अगदी गुळगुळीत झालेली पेनीही तिचा साचा सांगते. डोळा बरोबर वर ठेवा. बाजूने पाहिलंत तर फट दातावर सरकते. मी तर मोबाइल स्टँडवर ठेवून फोटो काढतो आणि स्क्रीनवर पट्टी लावतो.

या पेन्यांची ओळख पटवण्यासाठी बहुतेक व्यापारी फ्रीमन क्रमांक, म्हणजे फ्रीमनच्या ब्राँझ नाण्यांवरच्या पुस्तकातला क्रमांक, वापरतात. त्याची रीत साधी: चेहऱ्याच्या साच्याला आकडा, ब्रिटानियाच्या साच्याला अक्षर. 1861 ते 1863 मध्ये सर्रास दिसणारी जोडी ‘6 अधिक जी’. अशा प्रत्येक जोडीला एक क्रमांक आणि पुढे आर लावून दुर्मीळतेची श्रेणी. आकडा जितका मोठा तितकं नाणं विरळा. लिलावाच्या यादीत नुसतं ‘दुर्मीळ प्रकार’ लिहिलंय आणि फ्रीमन क्रमांक नाही, तर विकणाऱ्याने एकतर बघितलेलं नाही किंवा सांगायचं नाही.

1895 नंतर: स्वस्तात शिकण्याची जागा

माझं मत विचाराल तर हौस नवी असेल तर इथून सुरुवात करा. नाणी स्वस्त आहेत, चूक झाली तरी खिशाला भोक पडत नाही, आणि चार-पाच प्रकार खरोखर ढिगात सापडतात.

1895 मध्ये राणीचं पदर घेतलेलं म्हातारपणचं चित्र आलं, थॉमस ब्रॉकचं. मागून दीपगृह आणि जहाज गेलं. 1895 ची पेनी दिसली की ब्रिटानियाच्या त्रिशूळाचं टोक आणि पेनी शब्दातला पहिला पी यांच्यामधलं अंतर बघा. नेहमीचं अंतर 1 मिलिमीटर. 2 मिलिमीटर असेल तर नशीब उघडलं. कॅलिपर न लावताही कळतं, फक्त शेजारी दुसरी 1895 हवी.

1897 मध्ये ओ आणि एन या अक्षरांच्या मध्ये एक ठिपका असलेला प्रकार आहे, साच्याला तडा गेल्याने झालेला. तसाच 1946 मध्ये ई नंतर स्वल्पविरामासारखी खूण. दोन्ही मागणीतले. पण साच्याच्या तड्याने झालेल्या इतर शेकडो ठिपक्या-रेघांना ‘प्रकार’ म्हणून विकणारे लोक आहेत. संग्राहकांनी मान्य केलेला दोष आणि ओरखडा यांत फरक करा. साच्यातला दोष उठावदार असतो आणि त्याच साच्याच्या दुसऱ्या नाण्यावरही तसाच येतो.

1902 मध्ये एडवर्ड सातव्याच्या पेनीवर ‘भरती’ आणि ‘ओहोटी’ अशा दोन जाती आहेत. ब्रिटानियाच्या मागची समुद्राची रेघ तिच्या पायांशी कुठे भिडते ते बघा. पाय एकमेकांवर येतात त्या पातळीवर असेल तर नेहमीची. त्याखाली असेल तर ओहोटीची, आणि तीच हवी. घासलेल्या नाण्यावरही हे ओळखता येतं, म्हणून ही ढिगात सापडणाऱ्या चांगल्या प्रकारांत माझी आवडती. 1903 मध्ये 3 ची टोकं मोकळी, फट रुंद असलेली पेनी मिळाली तर ती जपून ठेवा. नेहमीच्या 3 ची टोकं आत वळलेली असतात.

पंचम जॉर्जच्या काळात पुन्हा एच येतो: 1912, 1918, 1919, आणि 1918-19 मध्ये किंग्ज नॉर्टन कंपनीचं केएन. इथे अक्षर सनाखाली नसून सनाच्या डावीकडे आहे. सनाच्या खाली शोधणारे लोक केएन हातात घेऊन ‘नाही’ म्हणून परत ठेवतात. 1912 चा एच भरपूर मिळतो. 1918-19 चे एच आणि केएन घासलेल्या अवस्थेत थोडक्या पैशांत, पण केसांचे तपशील शाबूत असलेले शोधताना घाम फुटतो.

या राजाच्या चित्रामुळे टांकसाळीची बरीच डोकेदुखी झाली. उठाव इतका खोल होता की चेहऱ्याची भुतासारखी छाया ब्रिटानियाच्या बाजूला उमटायची. ती घालवण्यासाठी 1915-16 च्या काही साच्यांत कानाशेजारचा भाग खोल केला. ‘खोल कान’ म्हणून तो प्रकार शोधतात. मग 1926 मध्ये चित्रच सुधारलं. त्या वर्षी एकूण 45 लाखांच्या आसपासच पेन्या निघाल्या आणि बहुतेक जुन्याच चित्राच्या. सुधारित चित्राच्या फार थोड्या. ओळख: मानेच्या कापलेल्या कडेवरची चित्रकार मॅकेनलची आद्याक्षरं, बी आणि एम. जुन्या चित्रात त्यांच्यामध्ये ठिपके असतात आणि ती मध्याकडे. सुधारित चित्रात ठिपके नाहीत आणि अक्षरं उजवीकडे, मानेच्या मागच्या बाजूला सरकलेली. 1927 ची पेनी पुढे ठेवून ताडून बघा, कारण तिच्यावर सुधारितच चित्र आहे. 1923, 24, 25 या सनांच्या पेन्या निघाल्याच नाहीत, तेव्हा कुणी दाखवल्या तर हसून नमस्कार करा.

1933 चं सांगितल्याशिवाय सुटका नाही. त्या वर्षी चलनासाठी पेन्यांची गरजच नव्हती. इमारतींच्या कोनशिलेखाली त्या वर्षाची नाणी ठेवण्याच्या प्रथेमुळे मोजक्याच पाडल्या. सातच्या आसपास ठाऊक आहेत. लीड्सच्या एका चर्चच्या कोनशिलेखालची तर 1970 मध्ये चोरीला गेली. ढिगात 1933 दिसली तर ती खेळण्याची प्रत आहे किंवा शेवटचा आकडा बदललेला आहे, असं धरून चाला.

सहाव्या जॉर्जच्या वेळी 1940 मध्ये ब्रिटानियाच्या पायाखाली एक रेघ की दोन ते बघा. एक रेघवाली कमी. 1941 ते 1943 रिकामी. 1950 आणि 1951 च्या पेन्या बर्म्युडासाठी पाडल्या, 2,40,000 आणि 1,20,000. एलिझाबेथच्या काळात पाहण्यासारखं जवळजवळ काही नाही. 1953 ची फक्त संचातून आली, तरी तेरा लाख असल्याने मिळते. 1967 हे सन तर 1970 पर्यंत पाडत राहिले, 65 कोटींच्या वर. ती मुलांना खेळायला द्या.

टोकन: राजाने नाणी दिली नाहीत, तेव्हा

1775 नंतर वीसेक वर्षं इंग्लंडच्या टांकसाळीने तांब्याची नाणी पाडलीच नाहीत. कारखाने वाढत होते, मजुरांना आठवड्याचा पगार सुट्यात द्यायचा, आणि सुटे नाहीत. म्हणून खाणमालकांनी, कारखानदारांनी, दुकानदारांनी स्वतःची टोकनं, म्हणजे सुट्याऐवजी चालणारी खासगी नाणी, काढली. पहिलं मोठं काम वेल्समधल्या अँगल्सी बेटावरच्या पॅरिस माइन कंपनीचं, 1787 चं: एका बाजूला ओकच्या पानांच्या वर्तुळात टोपी ओढलेला दाढीवाला ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहित), दुसऱ्या बाजूला कंपनीची गुंफलेली अक्षरं. पेनीचं वजन औंसभर. पुढच्या दहा वर्षांत टोकनांचा पूर आला, आणि 1797 च्या कार्टव्हीलने तो ओसरला.

टोकन तपासताना पेनीपेक्षा एक पायरी जास्त: कड. नाणं उभं धरून कडेभोवतीचं लेखन वाचा. ड्रुइडच्या कडेवर लंडन, लिव्हरपूल किंवा अँगल्सीत मागताक्षणी पैसे देण्याचं वचन कोरलेलं आहे. लोखंडसम्राट जॉन विल्किन्सनच्या टोकनांवर त्याच्या कारखान्यांची गावं: विली, स्नेडशिल, बर्शम, ब्रॅडली. तेच चित्र असून कड कोरी किंवा भलत्याच गावाची असेल तर तो वेगळा प्रकार, कधी बनावट, कधी दुर्मीळ. टोकनांचे फोटो पाठवणाऱ्याला कडेचे फोटो मागा. बहुतेक जण पाठवत नाहीत, मागितल्यावर देतात. ड्रुइडमध्ये पर्णमालेतली ओकची फळं मोजायची असतात, त्यावरून प्रकार ठरतो. टोकनांचा क्रमांक डाल्टन आणि हॅमर यांच्या पुस्तकातला, त्यांच्याच नावाने, परगणा आणि मग आकडा असा चालतो, उदाहरणार्थ वॉरिकशर अमुक.

इथे एक सावधगिरी. त्या काळातच टोकन जमवण्याची हौस इतकी पसरली की काही साचेकार आणि विक्रेते मुद्दाम एका टोकनाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीला जोडून ‘दुर्मीळ’ टोकनं विकायला लागले. लंडनचा क्रांतिकारी पुस्तकविक्रेता टॉमस स्पेन्स यात पटाईत; त्याने राजकीय टोकनं काढली आणि साच्यांची हवी तशी सरमिसळ केली. अशा टोकनाने कधी पाव विकत घेतला गेला नाही. ते दुर्मीळ आहेच, पण माझ्या लेखी कॉव्हेंट्रीचं 1792 चं लेडी गोडायव्हा आणि हत्तीवालं अर्धपेनी टोकन, कितीही सामान्य असलं तरी, जास्त मोलाचं. ते बाजारात फिरलंय. काय जमवायचं हे आधी ठरवा, नाहीतर पैसे सरमिसळीत जातील.

दुसरा पूर 1811-12 मध्ये आला, नेपोलियनशी लढाया चालू असताना. ही टोकनं बहुधा पेनीची, मोठी आणि औद्योगिक गावांची. बर्मिंगहॅमच्या गरीबगृहाची, शेफील्डच्या गरीब-व्यवस्थापकांची टोकनं सोपी आणि सुंदर. काहींवर 240 टोकनं आणली तर एक पौंडाची नोट मिळेल असं लिहिलंय. 1817 च्या कायद्याने टोकनं बंद झाली, या दोन गावांना तेवढी थोडी मुदत मिळाली.

चलनी पेनीवर ठोकलेले शिक्केही लोक जमवतात: जाहिराती, प्रेमिकांची नावं, आणि सर्वात गाजलेला मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांचा ‘व्होट्स फॉर विमेन’. एडवर्डच्या चेहऱ्यावर तो ठोकलेली 1903 ची पेनी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अक्षरांचे ठोकळे कुणाकडेही असतात, त्यामुळे इथे नकली माल उदंड. शिक्क्याच्या खळग्यातला रंग बाकी नाण्यासारखाच जुना आहे का ते बघा.

आपल्याकडच्या बाजारातली फसवणूक

मुंबई-पुण्यात ‘ईस्ट इंडिया कंपनीचं टोकन’ म्हणून 1818 सनाची, राम-लक्ष्मण-सीता किंवा हनुमान असलेली तांब्याची नाणी दाखवतात. कंपनीने असं नाणं कधी काढलं नाही. ती अलीकडे बनवलेली आहेत, आणि त्यांच्यावर ‘तांदूळ खेचणारं नाणं’ वगैरे कथा रचून लोकांना लाखोंना गंडवलं गेलंय. भिंग काढायचीही गरज नाही.

ओतीव नकला पेन्यांतही येतात. पृष्ठभागावर बारीक खळगे, अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ, कडेभोवती जोडाची रेघ, आणि वजन बिघडलेलं. दोन्ही बाजूंना राजा असलेली पेनी ही जादूगारासाठी दोन नाणी कापून बसवलेली असते. काठाच्या आत गोल जोड शोधा.

साफसफाईबाबत हात बांधून ठेवा

तांब्याचं म्हटलं की आपल्याकडे चिंच-मीठ पुढे येतं. चिंचेने नाणं लख्ख होतं आणि त्याची निम्मी किंमत जाते, कारण वरचा जुना तपकिरी थर परत येत नाही. विशेषतः 1934-35 आणि 1944 ते 46 च्या पेन्या. या पेन्या तर टांकसाळीनेच रसायनाने काळवंडून बाहेर काढल्या. 1944 ते 46 च्या वेळी युद्धामुळे कथील मिळेना, मिश्रधातूत ते कमी केलं, नाणी डागाळून ओंगळ दिसू लागली, म्हणून आधीच सगळी गडद केली. तो काळेपणा मळ समजून घासलेल्या पेन्या मी ढिगाने पाहिल्या आहेत.

तेलकट मळ किंवा जुन्या संग्राहकाने लावलेलं लाखेचं आवरण काढायचं असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन, काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून, आसपास आग नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात इतर गोष्टी असतात. नाणं बुडवा, काढा, घासू नका, हवेवर वाळू द्या.

फिकट हिरवी, बुरशीसारखी दिसणारी गळती भुकटी दिसली तर ते नाणं लगेच वेगळं करा. ही तांब्याची कीड दमट हवेत फोफावते, आणि कोकण किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तिला रान मोकळं. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, जून ते सप्टेंबर त्या अधूनमधून बदलत राहा. मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात. त्यांतून हिरवट चिकट थर नाण्यावर येतो. मायलरची पाकिटं किंवा पुठ्ठ्याच्या चौकटी घ्या. नाणं नेहमी कडेने धरा, घामाचा ठसा तांब्यावर कायमचा उमटतो.

खरेदी आणि नोंद

दर्जा ठरवताना बन हेडवर कानामागच्या बटा आणि अंबाड्याच्या गाठी, पंचम जॉर्जवर कान आणि मिशी, ब्रिटानियावर छातीवरचं चिलखत बघा. आधी हेच घासतात. एकच पेनी घासलेली असेल तर चिल्लर आणि मूळ तांबूस झळाळीसह असेल तर पगार, इतका फरक पडतो. दुर्मीळ प्रकार मात्र घासलेल्या अवस्थेतही घ्यावा, दुसरा कधी भेटेल सांगता येत नाही.

महागडं नाणं घ्यायचं तर ब्रिटनमधल्या व्यापारी संघटनेचा सदस्य असलेल्या विक्रेत्याकडून किंवा नावाजलेल्या लिलावगृहातून घ्या आणि ओळख चुकली तर परत घेण्याची अट लेखी ठेवा. लिलावात बोलीवर खरेदीदाराचं कमिशन आणि टपाल वेगळं लागतं, ते आधीच मिळवून कमाल बोली ठरवा. आणि भारतात असलेलं शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं. ते हौसेने टपालात टाकून परदेशी मित्राला पाठवू नका.

प्रत्येक नाण्याच्या चौकटीवर सन, वजन, फ्रीमन किंवा डाल्टन-हॅमर क्रमांक, कुठून घेतलं, कधी आणि कितीला, हे पेन्सिलीने लिहा. शाईने नको, ती पाझरते. प्रकार ठरवताना नेमकी कोणती खूण पाहिली तेही लिहा: ‘त्रिशूळ ते पी 2 मिमी’, ‘बी एम ठिपक्यांशिवाय’. विकायच्या वेळी घेणारा तेच पहिलं विचारतो.